बालसंगोपनाचा सल्ला मापासकट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बालसंगोपनावर वर्तमानपत्रांतून हल्ली बरेच लिहून येते, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यातली पुष्कळ वाक्ये एकाच साच्यातली असतात. 'ताप असल्यास योग्य मात्रेत औषध द्यावे', 'आंघोळीचे पाणी फार गरम नसावे', 'बाळाला पुरेसे भरवावे', 'लहान वस्तू मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्यावी'. यातले एकही वाक्य चूक नाही. पण रात्री दोन वाजता तापाने फणफणलेले मूल खांद्यावर घेऊन जो माणूस उभा आहे, त्याच्या हाती यातून काही लागत नाही. योग्य म्हणजे किती? पुरेसे म्हणजे किती? लहान म्हणजे केवढी? लहान मुलांच्या आरोग्याचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांची विनंती एवढीच आहे, की असा सल्ला छापताना त्यात माप, वेळ आणि कारण जरूर असावे. जागा अपुरी पडली तर बाकीचा मजकूर कापावा, हे तीन कापू नयेत. म्हणणे नेमके काय आहे ते उदाहरणांनीच सांगतो.

तापाच्या औषधापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये 4 ते 6 तासांचे अंतर, आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. म्हणजे 10 किलोच्या मुलाला एका वेळी 100 ते 150 मिलिग्रॅम. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असते. गफलत होते ती बाटलीत. हेच औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळते. थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम, साध्या सिरपमध्ये 5 मिलिलिटरमध्ये 120 किंवा 125 मिलिग्रॅम, तर तीव्र सिरपमध्ये त्याच 5 मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम औषध असू शकते. समजा मुलाला 120 मिलिग्रॅम द्यायचे आहे. साध्या सिरपचे ते 5 मिलिलिटर होते, तीव्र सिरपचे 2.4 आणि थेंबांचे फक्त 1.2. घरातल्या एकाने दुसऱ्याला 'पाच मिली दे' एवढेच सांगितले आणि दुसऱ्याच्या हाती थेंबांची बाटली आली, तर मुलाच्या पोटात 500 मिलिग्रॅम जाते, म्हणजे हव्या त्या मात्रेच्या चौपटीहून जास्त. असे दिवसातून तीन-चारदा झाले तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडून मात्रा आधी मिलिग्रॅममध्ये लिहून घ्यावी, मग हातातल्या बाटलीवरची तीव्रता वाचून मिलिलिटर काढावे, आणि तो आकडा बाटलीवरच चिकटवून ठेवावा. सर्दी-खोकल्याच्या काही मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही औषधे एकदम सुरू असली की मात्रा नकळत दुप्पट होते. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप 38 अंश सेल्सिअसला (100.4 फॅरनहाइट) पोचला, तर घरी औषध देऊन वाट पाहायची नाही, त्याच वेळी डॉक्टर गाठायचे. या वयात ताप सोडून दुसरे कुठलेही लक्षण न दाखवता मोठा संसर्ग अंगात असू शकतो.

माप घेताना घरातला चमचा वापरू नये. एका घरातल्या चमच्यात तीन मिलिलिटर मावते, दुसऱ्या घरातल्या चमच्यात सात. सुई नसलेली सिरिंज घ्यावी, तिची टोपी आधी काढून टाकावी (ती उडून घशात गेल्याचे प्रसंग घडतात), सिरिंज डोळ्यांच्या रेषेत धरावी आणि दट्ट्याची पुढची कड ज्या खुणेवर आहे तो आकडा वाचावा. मुलाला अर्धवट बसते करावे. सिरिंजचे टोक जिभेवर मध्यभागी नाही, गालाच्या आतल्या बाजूला टेकवावे आणि एका वेळी साधारण 1 मिलिलिटर सोडून गिळण्याची वाट पाहावी. मधोमध जोरात मारलेली धार थेट घशावर आदळते. मूल मग ओकते किंवा ठसकते, आणि पुढच्या वेळी सिरिंज दिसताच तोंड घट्ट मिटते. नाक दाबून औषध पाजणे तर सर्वांत वाईट, कारण तोंडाने श्वास ओढताना औषध श्वासनलिकेत जाऊ शकते. दुधाच्या भरल्या बाटलीत औषध मिसळण्याची युक्तीही फसते. मुलाने अर्धे दूध ठेवले तर पोटात किती गेले हे कोणीच सांगू शकत नाही.

पावडरीच्या रूपात येणाऱ्या प्रतिजैविकाची, म्हणजे ड्राय सिरपची, पद्धत तर क्वचितच कुठे छापून येते. आधी बाटली हातावर आपटून तळाशी बसलेली पावडर मोकळी करायची. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचे आणि जोरात हलवायचे. फेस खाली बसू द्यायचा. मग खुणेपर्यंत पाणी घालून पुन्हा हलवायचे. पातळी खाली गेलेली दिसली तर खुणेपर्यंत आणखी पाणी घालायचे, पण हे सगळे पहिल्याच वेळी, नंतर कधीही नाही. एका दमात खुणेपर्यंत पाणी ओतले की फेसामुळे पातळी खोटी दिसते आणि तळाशी गोळे राहतात. मग पहिल्या दिवसाच्या मात्रा पातळ जातात आणि शेवटच्या मात्रा तीव्र. प्रत्येक वेळी देण्याआधी हलवायचेच. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहायची आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर, बऱ्याच औषधांत ती 7 दिवसांची असते, उरलेले टाकून द्यायचे. पुढच्या आजारपणासाठी ठेवलेले अर्धे औषध निरुपयोगी झालेले असते.

जुलाब झाल्यावर द्यायच्या ओआरएसचेही, म्हणजे मीठ-साखरेच्या जलसंजीवनीचेही, तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राचे मोठे पाकीट 20.5 ग्रॅमचे असते आणि ते बरोबर 1 लिटर पाण्यासाठी असते. मूल एवढे कुठे पिणार, म्हणून चिमूटभर पावडर पेल्यात टाकली जाते. ही चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. पावडर जास्त पडली तर रक्तातले मीठ वाढते, कमी पडली तर आतड्यातून पाणी शोषले जात नाही. साखर आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले तरच आतड्याची भिंत दोन्ही एकत्र आत ओढते आणि त्यांच्यामागून पाणी जाते. ओआरएसचे सारे काम या प्रमाणावर चालते. म्हणून पाकीट पूर्ण रिकामे करायचे, 1 लिटर पाणी मोजून घ्यायचे आणि 24 तासांनी उरलेले ओतून द्यायचे. एवढे नको असेल तर 200 मिलिलिटरसाठीचे छोटे पाकीट आणावे, मोठ्याचे भाग करू नयेत. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्याला 100 ते 200 मिलिलिटर. ओकारी झाली तर 10 मिनिटे थांबायचे, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा (5 मिलिलिटर). तहानलेल्या मुलाच्या तोंडाला पेला लावला की ते घटाघटा पिते आणि तितक्याच वेगाने ओकते. मग घरचे म्हणतात, 'त्याच्या पोटात काही ठरतच नाही.' चमच्याने दिले की बहुतेक वेळा ठरते, पण त्यासाठी कोणीतरी अर्धा-पाऊण तास शेजारी बसून भरवावे लागते. हे सल्ल्यात आधीच सांगितलेले असले, तर तिसऱ्या चमच्याला धीर सुटत नाही. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा शौचात रक्त दिसले, तर मात्र चमचा बाजूला ठेवून डॉक्टरकडे निघावे.

'पुरेसे भरवावे' यालाही माप आहे. सहा महिने पूर्ण झाल्यावर सुरुवात एका वेळी दोन-तीन मोठ्या चमच्यांनी (प्रत्येकी 15 मिलिलिटर), दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्यापर्यंत ते 250 मिलिलिटरच्या वाटीची अर्धी वाटी होते. नऊ ते अकरा महिने अर्धी वाटी, पण तीन-चार वेळा. एक ते दोन वर्षे पाऊण ते पूर्ण वाटी. आणि पातळ किती, याची कसोटी अगदी सोपी आहे. चमचा तिरका केल्यावर अन्न ओघळून पडले तर ते फार पातळ. बाळाचे पोट लहान असते, पाण्याने भरले की ताकद देणाऱ्या अन्नाला जागा उरत नाही. नवी चव मुलाने थुंकली म्हणजे ती त्याला आवडली नाही असे धरू नये, ती फक्त अनोळखी असते. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही, थोडी थोडी समोर यावी लागते. बहुतेक घरांत तिसऱ्या वेळेनंतर 'याला हे चालत नाही' असा शिक्का बसतो. ताटात काय आणि केव्हा यायचे ते मोठ्यांनी ठरवावे, त्यातले किती खायचे ते मुलावर सोडावे. वीस-तीस मिनिटांत ताट उचलावे. एक वर्षानंतर दूध दिवसाला 500 मिलिलिटरच्या आत असावे. त्याहून जास्त दूध पिणारे मूल जेवत नाही, त्याच्या अंगातले लोह कमी होते आणि पोटही साफ होत नाही.

पोट साफ न होणे हा विषय इतका रोजचा असूनही त्यावर नीट छापून येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन ते चार वर्षांचे मूल शी रोखून धरायला एखाद्याच वेदनेमुळे शिकते. एकदा घट्ट शी होते, दुखते. पुढच्या वेळी कळ आली की ते चवड्यांवर उभे राहते, पाय एकमेकांत आवळते, कोपऱ्यात जाऊन लाल होते. घरचे समजतात की ते जोर करते आहे. खरे तर ते रोखत असते. रोखलेल्या शौचातले पाणी आतडे शोषून घेते, ते आणखी घट्ट होते, आणखी दुखते. काही आठवड्यांत गुदाशय ताणला जातो आणि भरल्याची जाणीवच मंद होते. मग घट्ट गोळ्याच्या कडेने पातळ मळ झिरपून चड्डी खराब होऊ लागते. याला जुलाब समजून औषध दिले जाते किंवा 'मुद्दाम करतोस' म्हणून मुलाला मार बसतो. दोन्ही गोष्टी अन्यायाच्या आहेत, कारण त्या मुलाला ते कळलेलेही नसते.

यावर घरी काय करायचे तेही मोजून सांगता येते. जेवणानंतर वीस-तीस मिनिटांत आतड्याची हालचाल आपोआप वाढते. त्या वेळी मुलाला पाच मिनिटे बसवावे, दिवसातून दोनदा, रोज त्याच वेळी. पाच म्हणजे पाचच, अर्धा तास बसवले की ती शिक्षा होते. मोठ्यांच्या कमोडवर बसवत असाल तर आसनाचे भोक लहान करणारी बैठक आणि पायाखाली ठोकळा, या दोन्ही गोष्टी हव्यात. गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यायला हवेत. पाय लोंबकळत असले तर पोटाला जोर लावायला आधार मिळत नाही, आणि आत पडण्याच्या धास्तीने मूल नेमके तेच स्नायू आवळते जे सैल व्हायला हवेत. शी झाली की नाही याचे कौतुक करू नये, बसल्याचे करावे, कारण बसणे त्याच्या हातात आहे. डॉक्टरांनी शौच मऊ करणारे औषध दिले असेल तर ते चार दिवसांत पोट साफ झाले म्हणून बंद करू नये. ताणलेला गुदाशय मूळ आकाराला यायला महिने लागतात. मध्येच थांबवलेले औषध हेच दुखणे उलटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. शी-शूची सवय लावायला सुरुवात करतानाही महिन्यांचा हिशेब धरू नये, खुणा पाहाव्यात. लंगोट सलग दोन तास कोरडा राहतो का, चड्डी स्वतः खाली ओढता येते का, कळ आल्याचे शब्दांनी किंवा हावभावाने सांगते का. पोट घट्ट असेल तर आधी ते मऊ करावे, मगच सवय लावायला घ्यावी.

आंघोळीच्या पाण्याचे 'फार गरम नसावे' हे वाक्य बदलून एवढे छापले तरी पुरे: पाणी 37 ते 38 अंश सेल्सिअस असावे, आणि भांड्यात आधी गार, मग गरम घालावे. उलट क्रमाने घातले तर मधल्या अर्ध्या मिनिटात, दार वाजले किंवा फोन आला म्हणून मान वळते तेवढ्यात, मुलाचा हात उकळत्या पाण्यात असतो. पाणी तळहाताने पाहू नये, तो रोजच्या कामाने निबर झालेला असतो, कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने पाहावे. गिझरचा काटा 50 अंशांच्या वर ठेवू नये. 60 अंशांच्या पाण्याने लहान मुलाची कातडी काही सेकंदांतच खोलवर भाजते. भाजलेच, तर वाहत्या साध्या गार पाण्याखाली 20 मिनिटे धरावे, घड्याळ लावून. दोन मिनिटांनी रडे थांबले म्हणून पाणी बंद केले जाते, पण कातडीच्या खालच्या थरांत उष्णता पुढे सरकतच असते. पहिल्या तीन तासांत कधीही हे केले तरी उपयोग होतो. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि इजा वाढते. टूथपेस्ट, तेल, शाई काहीही लावू नये. बाकीचे अंग कोरड्या कपड्याने गुंडाळून उबदार ठेवावे. आणि आंघोळ संपली की बादली रिकामी करावी. बुडायला पाच सेंटिमीटर पाणी पुरते. चालायला लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत डोकावताना तोल जाऊन डोक्यावर पडते आणि त्याला स्वतःला मागे खेचता येत नाही. आवाजही होत नाही. हा शेवटचा भाग मुद्दाम ठळक छापावा, कारण 'काही झाले तर ओरडेल की' या भरवशावर पुष्कळ माणसे खोलीबाहेर जातात.

आता 'लहान वस्तू'. खेळणी तपासताना वापरतात त्या दंडगोलाचा आतला व्यास 31.7 मिलिमीटर असतो. त्यात पूर्ण मावणारी कुठलीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नये. गोल चेंडू किंवा गोटी असेल तर साडेचार सेंटिमीटरपेक्षा लहान नको, कारण गोल वस्तू श्वासमार्गात बुचासारखी बसते आणि कडेने हवा जायला फट उरत नाही. द्राक्षासारखे गोल फळ उभे चिरून चार फोडी कराव्यात, आडवे कापले तर चकती होते आणि तीही तशीच बसते. अख्खे दाणे चार-पाच वर्षांपर्यंत नकोत. मूल खोकत असेल, आवाज निघत असेल तर खोकू द्यावे. पाठीत बुक्के मारणे किंवा तोंडात बोट घालणे तेव्हा नको. आवाज बंद झाला, खोकला निघेना, रंग निळसर होऊ लागला, की मग कृती. वर्षाच्या आतले बाळ हातावर पालथे, डोके खाली करून दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताच्या टाचेने (मनगटाजवळच्या भागाने) 5 थापा, मग उताणे करून छातीच्या मधोमध 5 दाब. हे आळीपाळीने चालू ठेवायचे. वर्षावरच्या मुलाला 5 थापा आणि मागून मिठी घालून बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली आत-वर असे 5 झटके. बाळाच्या पोटावर कधीही नाही, यकृत फाटू शकते. वस्तू स्पष्ट दिसत असेल तरच काढावी, आंधळेपणाने फिरवलेले बोट ती आणखी आत ढकलते. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने करून पाहावे लागते. तेव्हा लेखाच्या शेवटी 'प्रशिक्षण घ्या' एवढे तरी यावे.

बटणासारख्या चपट्या सेलबद्दल वेगळी चौकट द्यावी असे आम्हाला मनापासून वाटते. नाण्याएवढा, 20 मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. त्यातले रसायन गळाल्याने हे होते असा समज आहे, पण तसे घडावेच लागत नाही. ओल्या पडद्याला दोन्ही टोके टेकली की विद्युतप्रवाह सुरू होतो, ऋण बाजूला अल्कली तयार होते आणि ती भिंत जाळते. म्हणून रिमोट चालत नाही म्हणून काढून टाकलेला 'संपलेला' सेलही घातकच. गिळल्याची नुसती शंका आली तरी काही खायला-प्यायला देऊन पाहत बसू नये, ओकारी काढू नये, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे आणि पोचताच 'सेल गिळला असावा' हेच पहिले वाक्य बोलावे. लाळ गळणे, खोकला, न खाणे एवढीच लक्षणे असू शकतात. ती सर्दीची वाटतात आणि त्यात वेळ जातो.

कपडे घालताना आणि रस्ता ओलांडताना होणारी एक इजा अशी आहे की तिचे नावही पालकांनी ऐकलेले नसते. एक ते चार वर्षांच्या मुलाला हाताला धरून वर ओढले, दोन्ही हात धरून झोका दिला किंवा अडकलेल्या बाहीतून हात झटक्याने ओढला, तर कोपरातले एक हाड आपल्या पट्ट्यातून निसटते. सूज नसते. मूल तो हात नुसता अंगाशी धरून ठेवते आणि वापरत नाही, हलवला तरच रडते. डॉक्टर ते काही क्षणांत जागेवर बसवतात. उचलताना काखेत हात घालून उचलावे. बाही घालताना आपला हात बाहेरून बाहीत घालून मुलाची मूठ आपल्या मुठीत घ्यावी आणि कापड मुलाच्या हातावरून मागे सरकवावे. हाताला ओढू नये, कापडाला ओढावे.

दातांचे थोडक्यात: पहिला दात दिसला की ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहापर्यंत मटाराच्या दाण्याएवढी, आणि त्यात फ्लोराइड सुमारे 1000 पीपीएम (म्हणजे पेस्टच्या दहा लाख भागांत 1000 भाग). रात्रीचे ब्रश करणे चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवरची साखर धुतली जात नाही. मुलाचे डोके मांडीवर घेऊन वरचा ओठ उचलून घासावे. समोरासमोर उभे राहून केले तर मागच्या दाढा दिसतच नाहीत. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांचाच हवा.

राहिला हट्ट आणि आकांडतांडव. इथे माप कसले, असे कोणी म्हणेल. पण आहे. दोन वर्षांच्या मुलाला सांगितलेले वाक्य डोक्यात उतरून अंगात यायला काही सेकंद लागतात. आपण तेवढ्यात तेच वाक्य तीनदा, दर वेळी मोठ्या आवाजात म्हणतो, आणि त्याची जुळवाजुळव दर वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एकदा सांगावे, मनात दहा मोजावे. 'धावू नकोस' यात मुलाला ऐकू येते ते 'धाव'. 'हळू चाल' म्हटले की काय करायचे ते कळते. 'पाच मिनिटांत निघायचंय' याला चार वर्षांच्या आत काही अर्थ नसतो, 'अजून दोनदा घसरगुंडी, मग चपला' याला असतो. पर्याय द्यायचे तर दोनच, आणि दोन्ही आपल्याला चालतील असे: 'लाल सदरा की निळा?' 'जायचं ना आपण?' असे विचारू नये, कारण 'नाही' हे उत्तर आपल्याला चालणार नसते.

तांडव सुरू झाल्यावर समजावणे व्यर्थ असते. जमिनीवरच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात, हातभर अंतरावर बसावे, 'राग आलाय तुला, मी इथेच आहे' एवढे एक वाक्य, आणि गप्प राहावे. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत ओसरते. जी गोष्ट द्यायची नाही ती पहिल्या मिनिटालाही द्यायची नाही आणि पाचव्यालाही नाही. पाचव्या मिनिटाला दिली तर मूल शिकते ते एवढेच, की पाच मिनिटे रडावे लागते. त्यापेक्षा देण्यासारखी असेल तर रडायच्या आधी देऊन टाकणे कितीतरी बरे. आणि कोणत्या वेळी तांडव होते याची आठवडाभर नोंद ठेवली, तर पुष्कळदा कारण हट्ट नसते, भूक किंवा टळलेली झोप असते. काही मुले रडता रडता श्वास बाहेर सोडून थांबतात, निळी पडतात, क्षणभर लुळी होतात. बघणाऱ्याच्या जिवाचे पाणी होते. अशा वेळी मुलाला कुशीवर आडवे करावे. गदागदा हलवणे, तोंडावर पाणी मारणे, तोंडात फुंकर घालणे यातले काही नको. श्वास मिनिटभराच्या आत परत येतो. पहिल्यांदा घडले तर डॉक्टरांना दाखवावे आणि रक्तातले लोह तपासून घ्यावे, कारण लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हे जास्त घडते आणि ती भरून काढल्यावर कमी होते.

झोपेचे आकडे तर एका ओळीत बसतात: चार महिने ते एक वर्ष 12 ते 16 तास, एक ते दोन वर्षे 11 ते 14, तीन ते पाच वर्षे 10 ते 13, सगळे दुपारच्या झोपेसकट. वर्षाच्या आतले बाळ नेहमी पाठीवर, सपाट टणक गादीवर, उशी आणि सैल पांघरुणाशिवाय. 'दुपारी झोपवले नाही तर रात्री लवकर झोपेल' हा हिशेब दोन वर्षांच्या मुलाला लागू पडत नाही. अति दमलेले मूल उलट चवताळते आणि रात्री वारंवार उठते.

शेवटी छपाईबद्दल. 'मि.ग्रॅ.' आणि 'मि.लि.' बारीक टायपात सारखे दिसतात, तेव्हा मिलिग्रॅम आणि मिलिलिटर ही एकके पूर्ण लिहावीत. अर्धा लिहिताना '.5' असे कधीही छापू नये, टिंब पुसट उमटले तर ते 5 वाचले जाते. '0.5' असे लिहावे. उलट पूर्ण आकड्यापुढे '5.0' नको, तिथे टिंब हरवले की 50 होते. 'चमचा' लिहिलेच तर कंसात मिलिलिटर द्यावे. आणि औषधाचा आकडा असलेला प्रत्येक मजकूर छापायला जाण्यापूर्वी एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या नजरेखालून जावा. मुद्रितशोधकाला शब्द चुकलेला दिसतो, मात्रा चुकलेली दिसत नाही.

आपले,
बालआरोग्याच्या कामातील काही वाचक